आई, बाबांना घास भरवू नकोस

पुणे, ३ ऑक्टोबर

ती. बाबा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव. हळू, एकेक वाक्य, मध्ये थांबत. त्यांना सगळं समजतं. शब्द सापडत नाहीत म्हणजे कळत नाही असं नाही. त्यांच्या खाटेपाशी उभं राहून त्यांच्याबद्दल कुणी कुजबुजू नये, भेटायला येणाऱ्या काकूंनीसुद्धा नाही.

फोनवर तू रडतेस, मग मी रडते, आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहिते. इथल्या पुनर्वसन केंद्रात बाबांची जागा मी नक्की केली आहे, पैसेही भरलेत. १० तारखेला, शुक्रवारी रात्री मी हुतात्मा एक्सप्रेसने सोलापूरला येते. रविवारी पहाटे, ऊन चढायच्या आत, गाडीने निघू. सहा आठवडे केंद्रात, मग आमच्या घरी. तुम्हाला न विचारता ठरवलं, हे मला टोचतंय. पण विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, दिवाळी होऊ दे. आई, अर्धांगवायूनंतर सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते. पुढेही होते, पण इतक्या वेगाने नाही. त्यातले तीन आठवडे गेले.

दवाखान्यात मी आवाज चढवला तेव्हा तुला लाज वाटली, मला दिसलं. डॉक्टर 'आता घरी नेऊन सेवा करा' म्हणाले आणि मला आजीची मागची खोली आठवली. आजीची सेवा तुझ्यासारखी कुणी केली नसती. पाठीला एक जखम होऊ दिली नाहीस. पण तिचा हात कुणी हलवला नाही, तिला कुणी उठून बसवलं नाही, कारण कुणी आपल्याला सांगितलंच नाही. शेवटी मूठ इतकी आवळली होती की नखं कापता येत नव्हती. म्हणून मी हटून बसले, की गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय आणि स्पीच थेरपिस्टने बघितल्याशिवाय आम्ही जाणार नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा भांडेन.

आणि त्या सकाळचं मनातून काढून टाक. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांत द्यावं लागतं, हे ऐकल्यापासून तू साखरपाणी देण्यात गेलेला वेळ मोजत बसतेस. बाबा उठले तेच तसे उठले. झोपेत कधी झालं ते तुला कसं कळणार होतं? ही चूक तुझी नाही.

आता रागावू नकोस, पण तू त्यांना घास भरवतेस ना, ते थांबव. उजव्या हातात चमचा दे, डाव्या हाताचा आधार घेऊ दे. सांडेल, अर्धा तास लागेल, तू तोंड फिरव पण हात पुढे करू नकोस. मेंदू नवी वाट पाडतो ती त्याच त्या धडपडीतून. जेवताना तक्के लावून ताठ बसव, नंतर अर्धा तास आडवं करू नकोस. पाणी घट्ट करायची पावडर घालूनच द्यायचं. साधं पाणी फार पातळ, ते श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. बाबा, शेंगाचटणी आणि कडक भाकरी सध्या बंद. तुम्ही डब्याकडे बघता, मला माहीत आहे. पण त्या कोरड्या चुऱ्यानेच ठसका लागतो. घोटलेला वरणभात खा, तूप घालून. उठवताना कुणीही त्यांचा उजवा हात ओढायचा नाही, बगलेत हात घालायचा नाही. तो खांदा आत्ता सैल आहे, निखळेल. आणि रक्तदाबाची गोळी 'बरं वाटतंय' म्हणून बंद करायची नाही. बाबा, यापुढे कधीच नाही.

त्याच खांद्यावर बसून मी सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक बघायचे. तुमची पांढरी बाराबंदी, माझ्या मुठीत तुमचे केस, आणि गर्दीत सुद्धा मला भीती कशी ती नव्हती. दवाखान्यात 'पाणी' हा शब्द तुम्हाला सापडत नव्हता, डोळ्यांत पाणी आलं होतं. मी सहज यात्रेतला जयघोष सुरू केला, 'एकदा भक्तलिंग', आणि तुम्ही स्पष्ट म्हणालात, 'हर्र!' आई दचकली. थेरपिस्ट म्हणाल्या, लहानपणापासून पाठ असलेलं, प्रार्थना, गाणी, आकडे, हे पुष्कळदा वेगळ्या वाटेने बाहेर येतं. त्या वाटेनेच पुढे जायचंय आपल्याला.

आई, लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, हे मनात आणू नकोस. जावयाने स्वतः न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेतलेत. लिफ्ट आहे. केंद्रात बाबांच्या शेजारी तुझी खाट आहे. ज्वारीचं पीठ मी इथे दळून ठेवलंय, पण आपली चादर घेऊन ये, इथल्या दुलईत त्यांना झोप यायची नाही. तुळशीला पाणी घालायचं समोरच्या काकूंना सांगितलंय. सगळ्या रिपोर्टची फाइल आणि सीटी स्कॅनची सीडी हातातल्या पिशवीत ठेव, डिकीत नको. आणि तुझ्या गुडघ्याच्या गोळ्या विसरू नकोस, तुझंही वय झालंय गं.

संक्रांतीच्या आत परत आणायचं माझ्या मनात आहे. गड्ड्याच्या यात्रेला चालत जाल असं वचन देत नाही बाबा. खुर्चीवर बसून का होईना, सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता टाकायला नेईन, हे मात्र देते.

एवढं वाचून झालं की आईला एक ते दहा मोजून दाखवा. आई, सातवर अडले तरी तू आठ म्हणू नकोस. थांब.

तुमची,
छकुली