हीटरच्या पंख्याचे निदान न करता पार्ट बदलून पैसे आकारल्याबाबत तक्रार

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी परभणीचा रहिवासी असून आपल्या कंपनीची मोटार वापरतो. गाडीच्या हीटरचा पंखा, म्हणजे ब्लोअर, पहिल्या तीन वेगांवर बंद पडून केवळ चौथ्यावर चालू लागल्याने मी गाडी नांदेड येथील आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दिली. तेथे बिघाडाचे कारण न शोधता पार्ट बदलण्यात आले, त्याचे पैसे घेण्यात आले आणि दोष मात्र कायम राहिला, याबद्दल ही लेखी तक्रार करीत आहे.

जॉब कार्डवर ‘हीटर कमी’ अशी नोंद करून सर्वप्रथम कूलंट बदलण्यात आले. वास्तविक, चौथ्या वेगावर हवा जोरात व चांगली गरम येते, हे मी गाडी देतानाच सांगितले होते. हीटरला उष्णता इंजिनच्या कूलंटकडून मिळते. तेव्हा हवा गरम येत असताना कूलंटवर संशय घेण्याचे काहीच कारण नव्हते. या गाडीत चौथ्या वेगावर मोटरला बॅटरीचे 12 व्होल्ट थेट मिळतात आणि खालच्या तिन्ही वेगांचा प्रवाह रेझिस्टरमधून, म्हणजे प्रवाह कमी करणाऱ्या भागातून, जातो. फक्त चौथा वेग चालतो याचा अर्थ फ्यूज शाबूत आहे, मोटर फिरते आहे आणि पाहायचे आहे ते रेझिस्टर व त्याच्या प्लगकडे. यासाठी डॅशबोर्ड उघडण्याचीही गरज पडत नाही.

मी आग्रह धरल्यावर रेझिस्टर बदलला गेला, परंतु तो का जळला हे कोणी तपासले नाही. काही आठवड्यांतच नवा रेझिस्टरही गेला. त्या वेळी आपल्या सर्व्हिस ॲडव्हायझरने त्यावरील वॉरंटी नाकारून मला दोन पर्याय दिले: ब्लोअरची पूर्ण असेंब्ली बदला, नाहीतर “चारवर चालतोय ना, तसाच चालवा.” या उत्तराचा मला मनापासून खेद वाटला. थंडीच्या दिवसांत पहाटे परभणीहून झिरो फाटामार्गे वसमतकडे निघाले की शेतांवर धुके असते, समोरची काच आतून बाष्प धरते आणि ती स्वच्छ ठेवायला हाच पंखा लागतो. आजारी आईला दवाखान्यात नेताना तो पूर्ण वेगाने तिच्या अंगावर सोडता येत नाही आणि बंद ठेवला तर रस्ता दिसत नाही. उन्हाळ्यात एसीची हवाही याच पंख्याने येते, हे आपणास वेगळे सांगायला नको.

अखेर परभणीतील एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्याने आधी क्लॅम्प मीटर लावून मोटर किती प्रवाह ओढते ते पाहिले, मग ग्लोव्ह बॉक्सखालून ब्लोअर उतरवून पंखा हाताने फिरवला. मोकळा पंखा एका झटक्यात काही फेरे घेतो. हा अर्ध्या फेऱ्यातच अडला. त्याच्या दांड्याभोवती कापसाचे तंतू आणि धूळ यांची घट्ट वेटोळी बसली होती. आमच्याकडे हंगामात कापसाच्या गाड्यांमागून जावे लागते, त्यामुळे हे अनपेक्षित म्हणता येणार नाही. केबिन फिल्टर काळा पडून एका कडेने उचलला गेला होता आणि आपल्या तपासणीपत्रकात त्याच्यापुढे ‘ठीक’ अशी खूण आहे. अडकलेली मोटर जास्त प्रवाह ओढत होती आणि रेझिस्टरला गार ठेवणारी हवा तुंबलेल्या फिल्टरमुळे कमी पडत होती, म्हणून रेझिस्टर तापून जळत होता. त्याच्या प्लगमधील एक टोक तपकिरी पडून भोवतीचे प्लॅस्टिक वितळले होते. आपल्या मेकॅनिकने नवा रेझिस्टर त्याच प्लगमध्ये बसवला होता. दांडा साफ करून प्लग, रेझिस्टर व फिल्टर नवीन बसवल्यावर मीटरवरचा आकडा खाली आला आणि चारही वेग सुरळीत चालू झाले. जी मोटर बदलण्याचा सल्ला आपण दिला होता, तीच मोटर आजही गाडीत आहे.

तरी कूलंटचे, निकामी ठरलेल्या रेझिस्टरचे आणि ‘तपासणी शुल्क’ म्हणून घेतलेले पैसे मला परत मिळावेत. बदललेल्या पार्टवरील वॉरंटी का नाकारली, याचा लेखी खुलासा द्यावा. तसेच रेझिस्टर बदलण्यापूर्वी मोटरचा प्रवाह मोजून तो जॉब कार्डवर लिहावा आणि काढलेला जुना पार्ट ग्राहकाला दाखवावा, अशी सूचना आपल्या सर्व केंद्रांना द्यावी. ही शेवटची मागणी मला पैशांइतकीच महत्त्वाची वाटते, कारण वितळलेला प्लग गाडीत तसाच ठेवणे म्हणजे आगीला वाव देणे आहे.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये परभणी येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी तक्रार दाखल करीन. ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा हा कायदा देतो.

कळावे,

आपला,
एक ग्राहक, परभणी

सोबत: दोन्ही बिलांच्या व जॉब कार्डच्या प्रती, वितळलेल्या प्लगची छायाचित्रे. जळालेले रेझिस्टर माझ्याकडे जपून ठेवले आहेत. आपला प्रतिनिधी ते केव्हाही पाहू शकतो.