तोरणमाळच्या फोटोंची मोजणी करून देणाऱ्या आबांस

आदरणीय आबा,

सादर प्रणाम.

तुमच्या ओट्यावर बसून आभार मानण्याचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा तुम्ही चहा मागवून विषय बदललात. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. खानदेशात कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्या आणखी काही जणांना फोटो नकाशावर नेमक्या जागी बसवताना माझ्यासारखीच अडचण येत असणार, आणि भूमी अभिलेख खात्यात आयुष्यभर जमिनीची मोजणी केलेल्या माणसाने ती कशी सोडवली, हे त्यांनाही कळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही धुळ्याहून दोंडाईचा, सारंगखेडा असे करत शहाद्याला मुक्कामी गेलो, दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशा या गावी तापी आणि गोमाईचा संगम पाहिला आणि दुपारपर्यंत तोरणमाळचा घाट चढलो. माझ्या कॅमेऱ्यात जीपीएस नाही. त्यामुळे खिशातल्या फोनवर ओस्मअँड हे ॲप चालू ठेवून प्रवासाचा माग जीपीएक्स फाइलमध्ये नोंदवत राहायचे आणि घरी आल्यावर संगणकात डिजीकॅम या फोटो सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोची वेळ त्या मागावरील वेळेशी जुळवून प्रत्येक फोटोत अक्षांश व रेखांश भरायचे, अशी माझी योजना होती. हे आकडे फोटोच्या फाइलमध्येच, जिथे छिद्र (ॲपर्चर), शटरचा वेग आणि दिनांक साठवलेला असतो त्या एक्झिफ नोंदीत बसतात. म्हणजे फोटोच्या पाठीवर पेनाने गावाचे नाव लिहावे तसेच, पण दहा-पंधरा मीटरच्या आत अचूक.

प्रत्यक्षात झाले असे की, प्रकाशाच्या घाटावर सकाळी साडेसात वाजता काढलेले तापीचे फोटो नकाशावर थेट तोरणमाळच्या वाटेवर जाऊन बसले, आणि संध्याकाळी यशवंत तलावावर काढलेल्या फोटोंना जागाच मिळाली नाही. मी दोन रात्री एकेक फोटो हाताने सरकवत होतो. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात, माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलेत आणि विचारलेत, "हाऊ फोटू कोठला शे?" मी प्रकाशाचा म्हणून सांगितले. मग तुम्ही फोटो सरकवणे थांबवायला लावलेत आणि कागद-पेन्सिल मागितलीत.

आबा, त्या कागदावर तुम्ही जे केलेत त्यासाठी हे सारे पत्र आहे. तुम्ही मला आठ फोटो निवडायला लावलेत, ज्यांची जागा मला निश्चित आठवत होती. प्रत्येकापुढे कॅमेऱ्यातील वेळ लिहिली, आणि संगणकाने तो फोटो जिथे ठेवला होता तिथे आम्ही प्रत्यक्ष किती वाजता होतो ती मागावरील वेळ लिहिली. आठही ठिकाणी फरक साडेपाच तासांचा निघाला. त्यावर तुम्ही म्हणालात, "चूक दरवेळी वेगळ्या मापाची असेल तर मोजणाऱ्याचा हात तपासावा; दरवेळी एकाच मापाची असेल तर मोजणीची साखळी तपासावी. साखळीची एक कडी कमी असली की सगळे शेत त्याच प्रमाणात चुकते." साखळी खरोखरच चुकलेली होती. जीपीएक्समध्ये प्रत्येक बिंदूची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहिलेली असते; आपली भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा 5 तास 30 मिनिटांनी पुढे आहे; आणि मी संगणकावर नवी प्रणाली बसवताना कालक्षेत्र (टाइम झोन) भारताचे न निवडता यूटीसीच राहू दिले होते. डिजीकॅमने कॅमेऱ्याचे साडेसात हे यूटीसीचे साडेसात, म्हणजे आपल्याकडची दुपारची एक वाजताची वेळ मानली, आणि एक वाजता आम्ही तोरणमाळच्या वाटेवर होतो. संध्याकाळचे सहा त्याच न्यायाने रात्रीचे साडेअकरा झाले, तेव्हा फोनवरील नोंद बंद होती. एक निवड दुरुस्त केली आणि तीनशेहून अधिक फोटो आपापल्या गावी गेले.

मी तिथेच थांबलो असतो. तुम्ही थांबला नाहीत. सारंगखेड्याच्या पुलावरून काढलेला फोटो अजूनही पुलाच्या बराच अलीकडे दिसत होता. तुम्ही फोनच्या घड्याळाचा, सेकंद दिसतील असा, कॅमेऱ्याने एक फोटो काढायला सांगितलात. त्या फोटोत दिसणारी वेळ आणि त्याच फोटोच्या एक्झिफमधील वेळ यांत 3 मिनिटे 40 सेकंदांचा फरक होता. कॅमेरा मागे होता. ताशी पन्नास किलोमीटरने चाललेल्या गाडीसाठी हा फरक तीन किलोमीटरचा होतो. आता प्रत्येक प्रवासाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी मी घड्याळाचा फोटो काढतो, कारण कॅमेऱ्यातील घड्याळ दिवसागणिक थोडे थोडे सरकत असते आणि त्याची चूक एकदा मोजून कायमची ठरवता येत नाही.

सर्वांत मोठे ऋण मात्र घाटातील अकरा फोटोंचे आहे. बॅटरी वाचवण्याच्या व्यवस्थेने फोनमधील नोंद घाटात चाळीस मिनिटे बंद पाडली होती. दोन बिंदूंच्या मधली जागा अंदाजाने भरण्याची खूण मी डिजीकॅममध्ये स्वतः केली होती, त्यामुळे त्याने पायथ्यापासून माथ्यापर्यंत सरळ रेघ ओढली आणि अकरा फोटो त्या रेघेवर, दरीच्या पोकळीत, जिथे माणूस उभा राहूच शकत नाही अशा ठिकाणी ओळीने लावून दिले. नकाशावर ते सुबक दिसत होते आणि मी समाधानी होतो. तुम्ही मात्र सांगितलेत की जिथे साखळी टाकली नाही तिथला आकडा टिपणात भरायचा नसतो. रिकामी जागा पुढचा मोजणीदार येऊन भरू शकतो, पण भरलेला खोटा आकडा तो खरा मानून पुढे जातो आणि दोन भाऊ बांधावरून पिढ्यानपिढ्या भांडतात. आपण त्या अकरांपैकी चार फोटो वळण आणि कडा ओळखून हाताने बसवले, आणि उरलेल्या सातांतील आकडे पुसून वर्णनात फक्त "तोरणमाळ घाट, नेमके ठिकाण नोंदवलेले नाही" असे लिहिले. ते वाक्य लिहिताना मला आधी कमीपणा वाटला होता. आता तेच वाक्य माझ्या संग्रहातील सर्वांत विश्वासार्ह नोंद आहे असे मी मानतो.

त्याच संध्याकाळी मी तुम्हाला रानपिंगळ्याची हकीकत सांगितली होती, ती या पत्रातही यायला हवी. या लहानशा घुबडाचे नमुने जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आपल्याच खानदेशातून गोळा केले होते, आणि 1884 नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने 1914 मध्ये गुजरातेत मांडवीजवळ हा पक्षी मिळवल्याचे लिहून ठेवले. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासले तेव्हा तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना असून त्यावरचे ठिकाण बनावट असल्याचे निघाले. ते ठिकाण बाजूला ठेवून त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी खऱ्या नोंदींच्या गावांकडे मोर्चा वळवला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी हा पक्षी जिवंत सापडला. हे ऐकल्यावर तुम्ही बराच वेळ गप्प राहिलात, आणि मग माझ्या सात रिकाम्या फोटोंकडे बोट दाखवलेत. त्याच्या पुढचे तुम्हाला बोलावे लागले नाही.

जुन्या प्रवासांच्या फोटोंना माग नाही, त्यांची जागा हाताने भरावी लागते. तिथेही तुमची नजर कामी आली. माझ्या वहीत 21 अंश 30 मिनिटे लिहिलेले होते आणि मी ते 21.30 असे भरत होतो, तर खरा आकडा 21.50 आहे. हा 0.20 अंशांचा फरक जमिनीवर सुमारे 22 किलोमीटरचा होतो. लळिंगच्या किल्ल्याच्या फोटोबाबत तुम्ही विचारलेत की हा आकडा किल्ल्याचा की तू उभा होतास त्या महामार्गाचा. मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. आता आकडे मी जिथे उभा होतो तिथले देतो आणि समोर काय दिसते ते शब्दांत लिहितो. मोकळ्या आकाशाखालीही फोन साधारण पाच मीटर चुकतो, म्हणून दशांशापुढे पाचच आकडे ठेवतो. त्याहून अधिक लिहिणे म्हणजे नसलेली अचूकता मिरवणे होय, हेही तुमचेच सांगणे.

काकूंनी विचारलेल्या गोष्टीचीही तजवीज केली आहे. घरातील आणि नातवंडांचे फोटो कुणाला देण्यापूर्वी त्यांतील ठिकाण मी काढून टाकतो, पक्ष्यांच्या घरट्यांचेही काढतो. याउलट, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ठिकाणाची नोंद गळून पडते. म्हणून मंदिरांचे आणि बारवांचे जे फोटो अभ्यासकांना पाठवायचे असतात ते मी डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. मूळ फाइलींची एक प्रत हात न लावता वेगळ्या डिस्कवर ठेवली आहे.

सात फोटो अजून रिकामे आहेत. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेला जाणार आहोत आणि तिथून पुन्हा तोरणमाळचा घाट चढणार आहोत. या वेळी प्रत्येक वळणावर गाडी थांबवून, जुना फोटो हातात धरून, त्याच कड्यासमोर उभे राहून आकडा घ्यायचा आहे. गाडीत पुढची जागा तुमच्यासाठी ठेवली आहे. गुडघ्याला त्रास होणार नाही अशा बेताने, सकाळी लवकर निघू. तुमचा होकार काकूंजवळ सांगून ठेवावा, मी रविवारी येऊन घेऊन जाईन.

आपला नम्र आणि कृतज्ञ,
कॉलनीतील तुमचा फोटोवाला शेजारी
धुळे