पेडल दाबूनही गाडी थबकते तेव्हा

आधुनिक मोटारींतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे फायदे सांगणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. फायदे मान्य आहेत. पण ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर थबकते या तक्रारीला लेखात ‘सवयीचा प्रश्न’ म्हटले आहे, ते पटत नाही. अशा गाड्यांत पेडल आणि थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) यांना जोडणारी केबल नसते. पेडल किती दाबले हे सेन्सर संगणकाला कळवतात आणि थ्रॉटल किती उघडायचा हे तो ठरवतो. सेन्सरांच्या नोंदी जुळल्या नाहीत तर इशाऱ्याचा दिवा लागतो, इंजिनाची ताकद मर्यादित होते. ही सोय चांगलीच आहे. पण प्रदूषण आटोक्यात राहावे किंवा गिअरबॉक्सला धक्का बसू नये म्हणून संगणक मुद्दाम सावकाश प्रतिसाद देतो, तेव्हा त्याच्या लेखी काहीच बिघडलेले नसते. फॉल्ट कोड (बिघाडाची संगणकातील खूण) नोंदला जात नाही आणि ‘गाडी ठीक आहे’ असे सांगून ग्राहकाला परत पाठवले जाते. चौक ओलांडणाऱ्या चालकाला मात्र तो एक सेकंद फार महाग पडू शकतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन तेवढ्यात जवळजवळ १७ मीटर पुढे आलेले असते.

गाडी आपोआप वेग घेते, अशा तक्रारींनंतर दोन्ही पेडल एकाच वेळी दाबले गेल्यास ब्रेकला प्राधान्य देणारी यंत्रणा अनेक कंपन्यांनी बसवली. मागितलेला वेग वेळेवर न मिळणे हाही सुरक्षेचाच दोष आहे. प्रत्येक मॉडेलचा प्रतिसादाचा वेळ मोजून तो जाहीर करणे उत्पादकांना बंधनकारक व्हावे.

– एक वाहनचालक