प्रदर्शन कसलं, नवस आहे तो!

मा. संपादक,

आपल्या अंकात दिल्लीतल्या मेहरौलीच्या ‘फूलवालों की सैर’ या फुलांच्या मिरवणुकीचं छायाचित्र पाहून बरं वाटलं, पण खाली ‘पुष्पप्रदर्शन’ असं वाचलं आणि राहवेना. यजमानांच्या नोकरीपायी आम्ही अकरा वर्षं मेहरौलीजवळ काढली. तिथे कुंड्या मांडलेल्या नसतात की गुलाबाला पहिलं बक्षीस नसतं.

मुळात तो एका आईचा नवस. बादशहा दुसऱ्या अकबरशहाचा मुलगा मिर्झा जहांगीर याने रेसिडेंट (दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी) सीटनवर गोळी झाडली. गोळी चुकली, पण पोराची रवानगी अलाहाबादला झाली. आई मुमताज महल मेहरौलीतल्या सुफी संत ख्वाजा बख्तियार काकींच्या दर्ग्याला बोलली : मुलगा सुटून येऊ दे, चादर चढवीन. तो आला, नवस फेडला. फूलवाल्यांनी त्या चादरीला आपल्याकडून फुलांचा पंखा जोडला, असं तिथले जुने लोक सांगतात. शेजारच्या योगमायेच्या देवळातही फुलं गेली. हे १८१२च्या सुमाराचं. तीच पुढे दरवर्षीची सैर झाली. १९४२ साली इंग्रजांनी ही सैर बंद पाडली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला नेहरूंच्या पुढाकाराने ती परत सुरू झाली.

पंखा म्हणजे वारा घ्यायचा नव्हे. माणसाहून उंच, बांबूच्या सांगाड्यावर चमकीचा कागद आणि फुलांच्या माळा. पुढे सनई. मेहरौलीच्या बोळात वरती विजेच्या तारांचं जंजाळ, त्यामुळे दर दहा पावलांवर तो आडवा करून पुढे न्यायचा. एका वर्षी सांगोल्याहून आलेल्या सासूबाईंना घेऊन गेले. पंखा समोर आला तशी त्यांनी चप्पल काढली आणि हात जोडले. म्हणाल्या, “पालखीच की गं ही.” आधी देवळात गेलो. दर्ग्यात यजमान आत गेले, आम्ही बायका जाळीशी थांबलो. सासूबाईंनी ओटीतली दोन फुलं जाळीतून आत सारली. मी गोंधळले, त्या नाही. (घरी आल्यावर चपला मात्र तिथेच राहिल्याचं लक्षात आलं.)

तुमच्या छायाचित्रात व्यासपीठ आणि हारतुरे स्वच्छ दिसतात. पंखा मागे अर्धा कापला गेलाय. पुढच्या वर्षी छापाल तेव्हा पंखा धरणाऱ्याचा चेहरा तेवढा राहू द्या.

– एक वाचक, कोथरूड, पुणे