‘वेढा ते उठाव’ या पायी फेरीत झालेल्या फसवणुकीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, सातारा.

महोदय,

गेल्या रविवारच्या आपल्या ‘वेढा ते उठाव’ या पायी फेरीसाठी आम्ही पाच जणांचे प्रत्येकी ७५० रुपये आगाऊ भरले होते. नागपूरहून आलेल्या आमच्या व्याह्यांना साताऱ्याचा लढायांचा इतिहास चालत दाखवावा, एवढाच हेतू होता. आपल्या पत्रकात पायथ्याच्या करंजे येथून चालत अजिंक्यतारा गडावर मंगळाईच्या बुरुजापर्यंत आणि परतताना ‘चार भिंती’ या स्मारकापाशी, असा मार्ग स्पष्ट छापलेला आहे. प्रत्यक्षात आम्हाला पोवई नाक्यावरून गाडीत बसवून थेट गडाच्या दरवाजाजवळ उतरवण्यात आले. कारण विचारले तर ‘ऊन होईल’ असे उत्तर मिळाले. तेव्हा सकाळचे सात वाजले होते.

करंजे वगळण्याला माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने या गडाला वेढा घातला तेव्हा त्याची छावणी करंज्याच्या बाजूला होती आणि शहाजादा आझम पश्चिमेला होता. आजचे शहर त्या वेळी नव्हते, ते पुढे शाहू महाराजांच्या काळात पायथ्याशी वसले. त्यामुळे करंज्यातून मान वर करून गडाकडे पाहिल्याशिवाय आणि तो चढ स्वतः चढल्याशिवाय, बादशहाच्या एवढ्या फौजेला हा एक गड घ्यायला साडेचार महिने का लागले, हे पाहुण्यांना कळणार कसे? गाडीतून वर गेल्यावर गड म्हणजे केवळ उंचावरची मोकळी जागा उरते, आणि तेवढ्यासाठी आम्हाला वाटाड्या नको होता.

त्यातही आपल्या वाटाड्याने ‘गड फितुरीने एका रात्रीत पडला’ असे ठासून सांगितले. किल्लेदार प्रयागजी प्रभूंचे नावही त्यांनी घेतले नाही. वस्तुस्थिती अशी आहे की, १३ एप्रिल १७०० रोजी मोगलांनी तटाखाली पेरलेले सुरुंग उडवले; पहिल्या स्फोटात गडावरचे मराठे दगावले, पण दुसऱ्या स्फोटाने तट बाहेरच्या बाजूला, हल्ल्यासाठी खाली जमलेल्या मोगलांवरच कोसळला आणि त्यांची दीड ते दोन हजार माणसे गेली, असे इतिहासकार सांगतात. त्याआधी मार्चमध्ये सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराजांचे निधन झाले होते, गडावरचा दाणागोटाही संपत आला होता, आणि २१ एप्रिलला गड मोगलांच्या हाती गेला. बादशहाने त्याचे नाव आझमतारा ठेवले. पुढे ताराराणींच्या सैन्याने तो परत घेतला. मंगळाईच्या बुरुजाकडे नेण्याची आम्ही दोनदा विनंती केली, तरी ‘तिकडे पाहण्यासारखे काही नाही’ असे म्हणून ती टाळण्यात आली. ज्या बुरुजाशी या स्फोटांची आठवण जोडलेली आहे, तो वगळून या फेरीला ‘वेढा’ हे नाव कशासाठी दिले आहे, हे आपणच सांगावे.

चार भिंतींपाशी आम्हाला छायाचित्रांसाठी थांबवण्यात आले आणि ‘इथून शहर छान दिसते’ एवढेच सांगण्यात आले. १८५७ मध्ये गेंडामाळावर ज्या सतरा जणांना इंग्रजांनी फाशी देऊन, तोफेच्या तोंडी देऊन आणि गोळ्या घालून मारले, ज्यांत साताऱ्याच्या छत्रपतींचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांचे पुत्रही होते, त्यांचे हे स्मारक आहे, हे व्याह्यांना शेवटी मलाच सांगावे लागले.

छापील मार्ग न पाळणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आहे. त्यामुळे भरलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कम परत करावी, तसेच एकतर पत्रकातील मार्ग यापुढे पाळावा किंवा ‘पायी’ हा शब्द त्यातून काढून टाकावा. वाटाड्या तरुण आहे आणि त्याचे बोलणे नम्र होते. त्याला शिक्षा न करता नीट तयारी करून पाठवावे, ही स्वतंत्र विनंती. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मला सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

आपली,
एक ग्राहक, सदर बझार, सातारा

सोबत: पैसे भरल्याची पावती व पत्रकाची प्रत