अकरा चाळीसला सुरू झालेला पेपर

कराड

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, माझ्या एफवायच्या वर्गात एक पूर्ण दृष्टिहीन मुलगी आली आहे, आणि मला मागणी-वक्र फळ्यावर काढल्याशिवाय शिकवताच येत नाही." मी "बघू, निघेल काहीतरी मार्ग" म्हणून फोन ठेवला. तसं म्हणायला नको होतं. कॉलेजच्या परीक्षा विभागात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला याहून जास्त ठाऊक असतं. मला ते कसं कळलं, हे मात्र तुला कधी सांगितलेलं नाही.

२०१४ची उन्हाळी परीक्षा. अर्थशास्त्राचाच पेपर, वेळ अकरा ते दोन. अकराला वीस मिनिटं कमी असताना खिडकीशी एक मुलगा आला. पांढरी काठी घडी करून काखेत धरलेली, हातात हॉल तिकीट. सोबत एक लहानखुरा पोरगा. "भाऊसाहेब, माझ्या रायटरला रात्रीपासून ताप आहे. हा माझा मावसभाऊ, हा लिहील." मी परवानगीचं पत्र पाहिलं, त्यावर नाव वेगळं होतं. म्हणालो, "असं चालत नाही. नवा अर्ज लिहून प्राचार्यांची सही आण." ज्याला दिसत नाही त्याला मी अर्ज लिहायला सांगितलं, हे आत्ता तुला लिहितानाही हात अडखळतो. प्राचार्य बैठकीला गेलेले. उपप्राचार्य सापडून सही-शिक्का होईपर्यंत अकरा चाळीस झाले. दोन वाजता पर्यवेक्षकांनी सगळ्यांबरोबर त्याचीही उत्तरपत्रिका घेतली. जादा वेळ द्यायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणं माझं काम होतं. जाताना तो खिडकीशी थांबला. मी विचारलं, कसा गेला? "चालतंय की, भाऊसाहेब."

संध्याकाळी फाइली लावताना केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या फेब्रुवारी २०१३च्या मार्गदर्शक सूचना हाती आल्या. आवक क्रमांक माझ्याच अक्षरात. ऐनवेळी लेखनिक, म्हणजे रायटर, बदलावा लागला तर बदलू द्यावा, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. लेखनिक घेणाऱ्याला तासामागे किमान वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. त्या मुलाच्या वाट्याला आले दोन तास वीस मिनिटं. पुढच्या पेपरांना त्याला पूर्ण वेळ मिळेल हे मी स्वतः वर्गात जाऊन पाहिलं, पण गेलेला पेपर गेलाच.

तोवर मला वाटायचं, कुणी मागितलं की द्यायचं, यात आपलं काम झालं. पण मागत फिरण्यातच या मुलांची अर्धी ताकद जाते गं. बाकीची पोरं सकाळी फक्त पेपरची काळजी घेऊन येतात. तो लेखनिक, पत्र, शिक्का आणि माझी खिडकी, एवढं सगळं घेऊन आला होता. कायद्याने सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत अशा मुलांसाठी पाच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. तेवढ्याने दार उघडतं. आत आल्यावर त्या मुलीचं काय होणार, हे खिडकीतला क्लार्क आणि फळ्यापाशी उभी असलेली तू, तुम्हीच ठरवता.

म्हणून ती येऊन मागेल याची वाट बघू नकोस. तूच विचार, पण सगळ्यांसमोर नको, तास संपल्यावर. ब्रेल वाचते का, फोनवर ऐकते का, काय सोयीचं पडतं? तिची गरज तिच्याइतकी कुणालाच कळत नाही, तिच्या घरच्यांनाही नाही.

आता फळा. "हा वक्र इथून असा खाली येतो" हे वाक्य सोडून दे. उभ्या अक्षावर किंमत, आडव्यावर नग. किंमत दहा रुपये असताना वीस नग जातात, आठवर आली की तीस, म्हणून रेषा डावीकडून उजवीकडे उतरत जाते, असं तोंडाने सांग. शेवटच्या बाकावरच्या पोरांनाही तेच हवं असतं. आकृतीसाठी जाड पुठ्ठा घे, अक्षांना सुतळी चिकटव आणि वक्राला लोकर, म्हणजे बोटांना फरक कळतो.

नोट्सची झेरॉक्स स्कॅन करून ग्रुपवर टाकू नकोस. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ते पान म्हणजे नुसता फोटो. एनव्हीडीए नावाचं तसं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यावर तुझी फाइल स्वतः डोळे मिटून ऐकून बघ. आणि मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा. आम्ही वर्षानुवर्षं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं. डोळ्यांना ते मराठी दिसतं, पण मशीन वाचायला लागलं की निरर्थक अक्षरं ऐकू येतात.

तुझ्या वर्गात न दिसणारी अडचण असलेलंही कुणी असेल. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, त्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचणही आली. लिहिताना हात आखडणाऱ्या एका यूपीएससीच्या उमेदवाराला चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला नाही म्हणून लेखनिक नाकारला होता. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा एखादा मुलगा तोंडी फडाफडा उत्तरं देतो आणि पेपरात नापास होतो, तर त्याला आळशी म्हणण्याआधी जवळ बोलावून बोल.

तू तासिका तत्त्वावर आहेस, कॉलेजात तुझं कितपत ऐकतील ही तुझी धास्ती मला कळते. तरी परीक्षा विभागात महिनाभर आधी जा, तिचा लेखनिक, खालच्या मजल्यावरची खोली, जादा वेळ, सगळं लेखी घे आणि पोचेची सही घ्यायला विसरू नकोस. ठाण्याहून सवड काढून मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातही जाऊन ये. तिथे २००३पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी केंद्र आहे. मी सांगतो त्याहून कितीतरी जास्त त्यांना ठाऊक आहे.

तुझी पहिल्या सत्राची वही पोस्टाने पाठव. युनिकोड मी शिकून घेतलं आहे, रोज चार पानं सहज टाइप होतील. आणि आईने जाड लोकरीचे दोन गुंडे कपाटातून काढून तुझ्यासाठी बाजूला ठेवलेत.

तुझे,
बाबा