नोत्र दाम डे जवळ आला, मतं वाया घालवू नका!

मंडळी, आठवण करून देतोय, अमेरिकेत इंडियानात असलेल्या आपल्या नोत्र दाम युनिव्हर्सिटीचा देणगी गोळा करायचा दिवस, म्हणजे नोत्र दाम डे, एप्रिलच्या शेवटी असतो, तर यंदा तरी सगळ्यांनी थोडंथोडं द्या. डोनेशन दिलं की मतं मिळतात, ती आपल्या आवडीच्या क्लबला, हॉलला (म्हणजे हॉस्टेलला) टाकायची आणि मतांच्या हिशोबाने त्यांना फंड मिळतो, म्हणजे पैसे देऊन नुसतं विसरून जायचं नाही. गेल्या वेळी अर्ध्या लोकांनी पैसे भरले आणि मतं टाकलीच नाहीत, काय म्हणावं आता!

सुरुवात संध्याकाळी 6:42 ला करायची पद्धत आहे, म्हणजे 18:42, कारण फादर सोरिननी युनिव्हर्सिटी 1842 साली काढली. भारतात तेव्हा पहाटेचे 4:12 वाजतात, त्यामुळे इथल्यांनी झोप मोडू नका, सकाळी चहा घेऊन करा.

आणि कोणी म्हणेल माझ्या 10 डॉलरने काय होणार, तर 1879 च्या एप्रिलमध्ये युनिव्हर्सिटीची मेन बिल्डिंग जळून खाक झाली आणि सप्टेंबरला मुलं परत वर्गात बसली, तेव्हाही लोकांनीच मदत केली होती.

तिथे फ्रॅटर्निटी (मुलांचे खासगी क्लब) नाहीत, हॉल हेच घर, प्रत्येक हॉलचं स्वतःचं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर. मी तर माझ्या हॉललाच देणार. मतं टाकली की ग्रुपवर नुसतं 'झालं' लिहा, स्क्रीनशॉट नकोत प्लीज.